वाय-फाय सुरू झालं की सीपीयू शंभरावर: लिनक्समध्ये एन्क्रिप्शनचं काम परत चिपकडे कसं सोपवायचं

लक्षणं ठरलेली असतात. राउटर चार फुटांवर, सिग्नलच्या दांड्या पूर्ण भरलेल्या, जोडणीचा वेग ३०० एमबीपीएस दिसतोय, आणि तरी घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एखादी मोठी फाइल ओढायला घेतली की गाडी साठ-सत्तरच्या पुढे सरकत नाही. त्यात पंखा घरघरायला लागतो, माउसचा बाण अडखळतो, चालू व्हिडिओ तुटतो. केबल लावली की सगळं सुरळीत. जुन्या लॅपटॉपवर किंवा नेटबुकवर लिनक्स टाकणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं वर्षानुवर्षं येतंय. उत्तरं मात्र 'चॅनेल बदला', 'ड्रायव्हर बदला', 'नवीन डोंगल घ्या' यापलीकडे फारशी जात नाहीत.

या दुखण्याचं एक कारण बरेचदा नजरेतून सुटतं: वाय-फायचं एन्क्रिप्शन चिपऐवजी सीपीयू करतोय. गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक वाय-फाय चिपमध्ये एईएसची, म्हणजे मजकूर झाकायच्या सांकेतिक पद्धतीची, सोय असते, लिनक्सचा ड्रायव्हर ती आपणहून वापरतोही. त्यामुळे 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू कसं करू' असा प्रश्न आला की मी उलटा प्रश्न विचारतो: ते बंद कुणी केलं? बहुतेक वेळा ते कुणीतरी, कधीतरी, भलत्याच दुखण्यावर उतारा म्हणून बंद केलेलं निघतं.

खाली कमांड आणि फाइलींची नावं नागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी दुखणं हेच आहे का, ते बघा

मोजमाप इंटरनेटवरच्या स्पीड टेस्टनं करू नका. त्यात तुमच्या कनेक्शनचा वेग, कंपनीची लाइन, समोरचा सर्व्हर, सगळंच मिसळतं. एक कॉम्प्युटर राउटरला केबलनं जोडा, त्यावर आयपर्फ३ हा वेग मोजायचा प्रोग्रॅम सर्व्हर म्हणून चालवा, आणि संशयित लॅपटॉपवरून वाय-फायनं त्याच्याकडे डेटा पाठवून बघा. मग 'उलट' पर्याय देऊन, म्हणजे डॅश-आर (हा आर मात्र मोठ्या अक्षरात) लावून, डेटा आपल्याकडे ओढून बघा. दोन्ही दिशा वेगवेगळ्या तपासायच्या, कारण काही ड्रायव्हरांत एकच दिशा मार खाते.

आकडा वाचताना एक भान ठेवा. ३०० एमबीपीएस हा हवेतला वेग आहे. त्यातले हातात दीडशे ते दोनशे पडले तर तक्रारीला जागा नाही, वाय-फाय असंच चालतं. साठ पडतायत आणि त्याच वेळी प्रोसेसर गुदमरतोय, तर पुढे वाचा.

प्रोसेसर बघायला टॉप उघडा आणि १ ही कळ दाबा. ती न दाबता बघितलंत तर चार कोअरांची सरासरी दिसते. 'एकूण वापर २५ टक्के' हे वाचून माणूस निश्चिंत होतो, आणि तिकडे एक कोअर शंभर टक्के भरलेला असतो, बाकीचे तीन झोपलेले. जुन्या कार्डांत आलेली पॅकेटं उलगडायचं काम बहुधा एकाच कोअरच्या वाट्याला येतं. १ दाबल्यावर प्रत्येक कोअरची वेगळी ओळ येते. तिच्यातला 'एसआय' हा रकाना म्हणजे सॉफ्टइंटरप्टमध्ये, आलेली पॅकेटं उरकण्यासारख्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामांत, गेलेला वेळ. आयपर्फ चालू असताना एका कोअरचा एसआय नव्वदीत असेल आणि खाली यादीत केसॉफ्टआयआरक्यूडी वर आला असेल, तर कर्नल पॅकेटांशी झुंजतोय एवढं नक्की.

झुंज कशाशी चाललीय हे पर्फ टॉप, म्हणजे सीपीयू कोणत्या फंक्शनात अडकलाय ते दाखवणारी कमांड, सांगतं. ते रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा आणि वरच्या पाच-सहा ओळी वाचा. फंक्शनांच्या नावांत एईएस, सीसीएम, सीबीसीमॅक असे शब्द वर आले, तर निदान पक्कं. तिथे यूएसबी किंवा मेमरी कॉपीची नावं वर असतील तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

आणखी एक शक्यता इथेच निकाली काढू. वेग साठ-सत्तर नसून वीस-बावीसच्या आसपास अडकलाय आणि सीपीयू मात्र निवांत आहे? मग 'आयडब्ल्यू डेव्ह', पुढे कार्डाचं नाव आणि 'लिंक' ही कमांड देऊन हवेतला वेग बघा. ५४ किंवा त्याहून कमी दिसला तर राउटरवर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. ८०२.११एन (५४ च्या पुढे नेणारं वाय-फायचं मानक) आणि त्यापुढचे वेग या जुन्या सांकेतिक पद्धतींसोबत वापरायला मनाई आहे. लिनक्सचा कर्नल ती पाळतो, आणि डीमेसेज या कर्नलच्या लॉगमध्ये 'एचटी (म्हणजे ८०२.११एन) बंद करतोय, कारण डब्ल्यूईपी/टीकेआयपी' अशा अर्थाची ओळ टाकून मोकळा होतो. राउटरच्या पानावर सिक्युरिटीमध्ये 'डब्ल्यूपीए२, फक्त एईएस' निवडा आणि विषय संपवा. टीकेआयपी २००३ साली तात्पुरती डागडुजी म्हणून आलं होतं. आज ते चालू ठेवण्याला काहीही अर्थ नाही.

सीपीयूला हे इतकं जड का जातं

डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या मानकासोबत २००४ पासून सीसीएमपी ही एन्क्रिप्शनची पद्धत आली. तिच्या पोटात १२८ बिटांची एईएस किल्ली असते. एईएस १६ बाइटांच्या ठोकळ्यांवर चालतं, म्हणजे १,५०० बाइटांच्या एका पॅकेटचे ९४ ठोकळे होतात. सीसीएमपीमध्ये प्रत्येक ठोकळ्यामागे एईएस दोनदा चालवावं लागतं: एकदा मजकूर झाकायला आणि एकदा मजकुरात कुणी ढवळाढवळ केली नाही याची खूण काढायला. पॅकेटमागे धरा १९० वेळा.

आता २०० एमबीपीएस खरोखर वाहायचे असतील तर सेकंदाला साधारण १६,७०० पॅकेटं लागतात. गुणाकार केला की सेकंदाला ३१-३२ लाख वेळा एईएस. एईएससाठीच्या खास सूचना (इन्स्ट्रक्शन) नसलेल्या प्रोसेसरवर एका वेळेला दोनशे चक्रं धरली, आणि हा अंदाज उदारच आहे, तरी ६३ कोटी चक्रं निव्वळ एन्क्रिप्शनला गेली. स्वस्तातल्या राउटरांत सर्रास सापडणाऱ्या एमटी७६२८ चिपचा प्रोसेसर ५८० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५८ कोटी चक्रांचा. सगळा प्रोसेसर त्याच कामाला जुंपला तरी पुरणार नाही. आणि तरीही असे राउटर व्यवस्थित चालतात, कारण हे काम वाय-फायचा भाग पॅकेट हवेत सोडता सोडताच उरकतो. प्रोसेसरला त्यातलं काही कळतही नाही.

सीसीएमपी ज्यावर उभी आहे त्या सीसीएमची आणखी एक खोड आहे. खूण काढण्याच्या भागात प्रत्येक ठोकळ्याला आधीच्या ठोकळ्याचं उत्तर लागतं. त्यामुळे चार ठोकळे एकदम हातात घेऊन समांतर उरकता येत नाहीत. जीसीएमपी या नव्या पद्धतीत ही साखळी तोडता येते, म्हणून चांगल्या प्रोसेसरवर ते सॉफ्टवेअरमध्येही पळतं.

किल्ली चिपमध्ये गेलीय का, हे थेट बघता येतं

पासवर्ड बरोबर ठरला, हस्तांदोलन (हँडशेक) झालं, की कर्नलच्या हातात किल्ल्या येतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मॅक८०२११ नावाच्या सामाईक थरावर बसलेले असतात. हा थर किल्ली ड्रायव्हरपुढे धरतो: ही चिपमध्ये भरतोस का? ड्रायव्हर 'हो' म्हणाला तर पुढचं सगळं चिपवर. 'जमत नाही' किंवा 'जागा नाही' म्हणाला, तर मॅक८०२११ काम स्वतःकडे घेतो आणि सीपीयूवर चालवतो.

मेख अशी की या दोन उत्तरांवर कर्नल लॉगमध्ये अवाक्षर काढत नाही. भलताच एरर आला तरच 'फेल्ड टू सेट की... टू हार्डवेअर' अशी ओळ पडते. त्यामुळे डीमेसेज चाळून 'काही सापडलं नाही, म्हणजे सगळं ठीक' असा निष्कर्ष काढणारे इथे फसतात. वाय-फाय चालतं, पासवर्ड लागतो, सुरक्षाही तितकीच पक्की असते. फक्त कष्ट कुणाचे, एवढंच बदललेलं असतं.

म्हणून डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या फोल्डरांत, जाऊन बघायचं. रूट होऊन या फोल्डरमध्ये शिरा: /सिस/कर्नल/डीबग/आयईईई८०२११/फाय०/कीज. मोठ्या वितरणांच्या कर्नलांत हे सहसा चालू असतं. एकाहून जास्त कार्डं असतील तर फाय१, फाय२ असंही सापडेल. आत आकड्यांच्या नावाची दोन-तीन उपफोल्डरं दिसतील, दर किल्लीला एक. घरच्या साध्या जोडणीत एक तुमची स्वतःची किल्ली असते आणि एक-दोन गटाच्या, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या पॅकेटांसाठीच्या. ज्या उपफोल्डरात 'स्टेशन' नावाची लिंक आहे ती तुमची. सगळा भार तिच्यावर असतो, तिच्याकडेच बघा.

तिच्या आत 'अल्गोरिदम' फाइलमध्ये पद्धतीचं नाव आहे, आणि 'फ्लॅग्ज' फाइलमध्ये एक छोटा आकडा. तो ०एक्स१ असेल तर किल्ली चिपमध्ये पोहोचली. ०एक्स० असेल तर ती सीपीयूकडेच राहिली. नेमकं सांगायचं तर त्या आकड्याचा सर्वांत खालचा बिट बघायचा, वरचे बिट वेगळ्या गोष्टींसाठी आहेत.

त्याच फोल्डरात 'की' नावाची फाइलही असते आणि तिच्यात खरीखुरी किल्ली उघड्यावर लिहिलेली असते. मदत मागताना सगळं फोल्डर एकदम कॅट करून ते लोकांसमोर चिकटवू नका. चिकटवलंच असेल, तर वाय-फाय एकदा बंद करून परत जोडा म्हणजे नवी किल्ली तयार होते.

इथे एक खोटा पुरावा फार फिरतो. एलएसमॉडच्या यादीत सीसीएम मॉड्यूल (कर्नलचा जोडभाग) लोड झालेलं दिसतं, किंवा /प्रॉक/क्रिप्टो या फाइलमध्ये सीसीएमची नोंद सापडते, आणि लोक म्हणतात, 'बघा, सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन चाललंय!' तसं नाही. मॅक८०२११ सीसीएमपीच्या प्रत्येक किल्लीसाठी सॉफ्टवेअरची जुळणी करूनच ठेवतो, मग किल्ली चिपमध्ये जावो न जावो. तयारी ठेवली म्हणजे ती वापरली असं होत नाही. फ्लॅग्जच्या आकड्यावर विश्वास ठेवा.

कीज फोल्डरच सापडलं नाही तर? तुमचं कार्ड मॅक८०२११ वापरत नसेल. रास्पबेरी पायवरचं वाय-फाय, म्हणजे ब्रॉडकॉमचा बीआरसीएमएफमॅक ड्रायव्हर, याच जातीचा. तिथे किल्ली सरळ फर्मवेअरच्या, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरच्या, हवाली होते आणि एन्क्रिप्शन चिपच करते. वेग कमी असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

बंद कुणी केलं?

फ्लॅग्जमध्ये शून्य सापडलं. आता बहुधा उत्तर /इटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये आहे. तिथल्या सगळ्या फाइलींतून 'क्रिप्ट' आणि 'एसडब्ल्यूएन्क' हे दोन शब्द ग्रेपनं शोधा. ड्रायव्हरगणिक पर्यायाचं नाव वेगळं आहे. इंटेलच्या आयडब्ल्यूएलवायफायमध्ये त्याला एसडब्ल्यूक्रिप्टो म्हणतात. एथेरॉसचे एटीएच५के आणि एटीएच९के, रालिंकचे आरटी२८०० कुटुंबातले ड्रायव्हर, ब्रॉडकॉमचा जुना बी४३, या सगळ्यांत नोएचडब्ल्यूक्रिप्ट. रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई आणि त्याच्या भावंडांत एसडब्ल्यूएन्क. एटीएच१०केमध्ये क्रिप्टमोड, तिथे ० म्हणजे हार्डवेअर आणि १ म्हणजे सॉफ्टवेअर. तुमच्या ड्रायव्हरला काय लागतं ते मॉडइन्फो सांगेल.

सगळ्यांत जास्त सापडणारी ओळ इंटेल कार्डांची: ऑप्शन्स आयडब्ल्यूएलवायफाय, पुढे ११एन_डिसेबल=१ आणि एसडब्ल्यूक्रिप्टो=१. वाय-फाय सारखं तुटतंय अशा तक्रारीवर ही ओळ एके काळी औषधासारखी वाटली गेली. जुन्या फर्मवेअरच्या दिवसांत तिनं काहींची जोडणी टिकलीही. पण ती करते काय ते बघा: पहिला भाग ८०२.११एन पूर्ण बंद करतो, म्हणजे वेग ५४ वर येतो, आणि दुसरा भाग एन्क्रिप्शन सीपीयूच्या गळ्यात मारतो. ओळ टाकणारा विसरतो, लॅपटॉप भावाकडे जातो, सिस्टिम अपग्रेड होत राहते आणि फाइल तिथेच राहते. अपग्रेडमध्ये /इटीसीतल्या तुमच्या फाइलींना कुणी हात लावत नाही.

मॉडप्रोब.डीमध्ये काही नसेल तर आणखी दोन जागा आहेत. एक, /लिब/मॉडप्रोब.डी. दुसरी, बूटच्या वेळची कर्नल कमांड-लाइन: /प्रॉक/सीएमडीलाइन वाचा, ग्रबमध्ये (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) कुणी पर्याय घुसवलेला असू शकतो. आत्ता या क्षणाला ड्रायव्हर कोणता पर्याय धरून बसलाय ते /सिस/मॉड्यूल/ मग ड्रायव्हरचं नाव, मग /पॅरामीटर्स या फोल्डरात कळतं. १ किंवा वाय असेल तर बंद केलेलं आहे.

ओळ काढून टाकू नका, तिच्यापुढे हॅश टाकून निकामी करा. परत लागली तर हाताशी असेल. मग काही जण सरळ रीस्टार्ट करतात आणि फरक पडला नाही म्हणून वैतागतात. बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं जे गाठोडं असतं, इनिटरॅमएफएस, त्यात जुन्या फाइलीची प्रत असू शकते, आणि ड्रायव्हर तिथूनच लोड झाला तर जुनीच ओळ लागू होते. डेबियन आणि उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश-यू, फेडोरावर ड्रॅकट डॅश-एफ चालवा, आणि मगच रीस्टार्ट. नंतर फ्लॅग्ज पुन्हा वाचा, आयपर्फ पुन्हा चालवा.

पण ती ओळ कामाची असेल तर?

कधीकधी ती खरंच एखाद्या कारणानं टाकलेली असते, आणि काढल्यावर जुना त्रास परत येतो. जोडणी तुटायला लागली तर पहिला इलाज लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज ताजं करणं. दुसरा, कार्डाची वीजबचत बंद करून बघणं: आयडब्ल्यू डेव्ह, कार्डाचं नाव, सेट पॉवर_सेव्ह ऑफ. तुटण्याच्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात आणि एन्क्रिप्शनला हात लावावा लागत नाही. आरटीएल८७२३बीईवर सिग्नलच कमकुवत येत असेल तर ॲन्टेना निवडायचा एएनटी_सेल हा पर्याय आहे, तो १ आणि २ असा आलटून पालटून बघा. काही लॅपटॉपांत एकच ॲन्टेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमका दुसऱ्या टोकावर ऐकत बसलेला असतो.

दुसरं कारण डब्ल्यूपीए३, म्हणजे डब्ल्यूपीए२ च्या पुढची आवृत्ती. त्यात व्यवस्थापनाच्या फ्रेमांना (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांना) संरक्षण सक्तीचं आहे. रालिंकच्या आरटी२८०० ड्रायव्हरची जुन्या कर्नलांत अशी अट होती की हे संरक्षण हवं असेल तर हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद करा. म्हणून राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्स वापरणाऱ्यांनी नोएचडब्ल्यूक्रिप्ट=१ लिहिलं, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. नव्या कर्नलांत ती अट राहिलेली नाही. कर्नल अद्ययावत करा, ओळ काढा, डब्ल्यूपीए३नं जोडून बघा. कर्नल बदलणं शक्यच नसेल तर मी डब्ल्यूपीए२ आणि लांबलचक पासवर्ड पसंत करेन. पाचशे-सहाशे मेगाहर्ट्झच्या राउटरला सॉफ्टवेअर एईएस करायला लावून घरातल्या सगळ्यांचं नेट रडतखडत चालवण्यात शहाणपण नाही.

चिपच करत नाही, अशीही ठिकाणं आहेत

कुणीही काही बंद केलेलं नाही आणि तरी फ्लॅग्ज शून्य, असं झालं तर 'अल्गोरिदम' फाइल वाचा. जीसीएमपी किंवा २५६ बिटांचं सीसीएमपी असेल आणि कार्ड जुनं असेल, तर त्या चिपला ही पद्धत येतच नाही. एटीएच९केच्या चिपांना १२८ बिटांच्या सीसीएमपीपर्यंतच येतं. मॅक८०२११मध्ये नव्या पद्धती २०१५ सालच्या ४.० कर्नलपासून सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यामुळे जोडणी होते, पण सीपीयूच्या जिवावर. घरच्या डब्ल्यूपीए३ला १२८ बिटांचं सीसीएमपी चालतं. राउटरवर कुणी हौसेनं २५६ निवडलं असेल तर ते खाली आणा. कार्यालयातल्या १९२ बिटांच्या एंटरप्राइझ जोडणीत मात्र जीसीएमपी-२५६ हाच नियम आहे. तिथे नवं कार्ड घेण्यावाचून गत्यंतर नाही.

बी४३ सोबत मुक्त फर्मवेअर वापरत असाल तर त्याला हार्डवेअर एन्क्रिप्शन येत नाही. निदान तो ड्रायव्हर तरी लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहितो.

मेश किंवा ॲड-हॉक जाळ्यात एटीएच९के गटाच्या किल्ल्या मुद्दाम चिपमध्ये भरत नाही, फक्त जोडीच्या, म्हणजे एकेका उपकरणाशी ठरलेल्या, भरतो. तिथे गटाच्या किल्लीपुढे शून्य दिसलं तर घाबरू नका, तिच्यावरून वाहतूक थोडी असते. आणि त्याच चिपमध्ये किल्ल्यांसाठी १२८ जागा आहेत. घरात त्या संपत नाहीत. सभागृहात किंवा वसतिगृहात शेकड्यानं फोन एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटले की संपू शकतात. मग उशिरा आलेल्यांच्या किल्ल्या सॉफ्टवेअरमध्ये जातात, आणि गर्दी वाढली की अ‍ॅक्सेस पॉइंट अचानक मान टाकतो. टीकेआयपीच्या एका किल्लीला एकाहून जास्त जागा लागतात, ते चालू असेल तर आणखी लवकर. दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावून गर्दी वाटून द्या.

अशा ठिकाणी सीपीयूवर एन्क्रिप्शन होणार हे धरूनच चालायचं, आणि मग प्रश्न उरतो सीपीयूला एईएसच्या खास सूचना आहेत का. /प्रॉक/सीपीयूइन्फोमध्ये फ्लॅग्जच्या ओळीत 'एईएस' शब्द आहे का बघा. एआरएमवर तीच गोष्ट 'फीचर्स' ओळीत. जुना लॅपटॉप विकत घेताना हे बघण्यासारखं आहे, कारण इंटेलनं या सूचना २०१० पासून आणल्या, पण सगळ्यांना दिल्या नाहीत. २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये त्या आहेत, त्याच पिढीच्या आय३ मध्ये नाहीत. पेंटियम आणि सेलेरॉनना मुख्य मालिकेत त्या २०१५ च्या सहाव्या पिढीत मिळाल्या. छोट्या पेट्यांमधून खूप विकल्या गेलेल्या सेलेरॉन जे१९०० मध्येही नाहीत. आणि प्रोसेसरमध्ये असूनही काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये त्या बंद करायची सोय असते, तेही एकदा तपासा.

सूचना आहेत, तर कर्नल त्या वापरतोय का? /प्रॉक/क्रिप्टोमध्ये सीसीएमच्या नोंदीखाली 'ड्रायव्हर' ओळ वाचा. तिथे इंटेल-एएमडीवर 'एईएसएनआय', एआरएमवर 'एईएस-सीई' असं दिसायला हवं. 'जेनेरिक' दिसलं तर साधा सी भाषेतला कोड चाललाय: एईएसएनआय_इंटेल हे मॉड्यूल मॉडप्रोबनं लोड करा, मग वाय-फाय तोडून परत जोडा. नुसतं लोड करून भागत नाही. आधी बनलेली किल्ली जुनीच जुळणी धरून बसलेली असते, नव्या जोडणीतच नवी निवड होते.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही

ओपनडब्ल्यूआरटीमधला 'हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग' हा खटका वाय-फाय एन्क्रिप्शनचा नाही, तो पॅकेटांचा पत्ता बदलून पुढे ढकलायचं काम हलकं करतो. एमटी७६२१ सारख्या चिपमध्ये वेगळं एन्क्रिप्शन इंजिनही असतं, आणि 'ते वाय-फायला जोडता येईल का' हा प्रश्न नेमानं येतो. नाही, आणि जोडून फायदाही नाही. मॅक८०२११ला उत्तर जागच्या जागी हवं असतं, ते इंजिन काम घेऊन 'झालं की कळवतो' म्हणतं. दीड हजार बाइटांच्या पॅकेटला इंजिनाकडे पाठवून परत आणण्यातच वेळ जातो. त्या राउटरांचे वाय-फाय भाग आपलं एन्क्रिप्शन स्वतःच करतात.

व्हीपीएनचंही तसंच. वाय-फायवर व्हीपीएन चालू केल्यावरच वेग पडत असेल तर तिथे वेगळं, दुसरं एन्क्रिप्शन चाललंय आणि वाय-फायच्या चिपचा त्यात काही वाटा नाही. रास्पबेरी पाय ४ च्या प्रोसेसरला एईएसच्या सूचना नाहीत, पाय ५ ला आहेत. पाय ४ वर एईएसवाला ओपनव्हीपीएन ओढत बसण्यापेक्षा वायरगार्ड लावा. त्याला एईएस लागतच नाही, तो चाचा२० ही वेगळी पद्धत वापरतो, आणि २०२० च्या ५.६ कर्नलपासून तो लिनक्समध्येच आहे.

एवढं करूनही गाडी अडली आणि कुठे मदत मागायची वेळ आली, तर या गोष्टी सोबत द्या: एलएसपीसीआय किंवा एलएसयूएसबीमधली कार्डाची ओळ, कर्नलची आवृत्ती, पॅरामीटर्स फोल्डरातल्या किंमती, 'अल्गोरिदम' आणि 'फ्लॅग्ज' या दोनच फाइलींतला मजकूर, आणि आयपर्फचे दोन्ही दिशांचे आकडे. 'वाय-फाय स्लो आहे' एवढ्यावर समोरचा पुन्हा चॅनेल बदलायलाच सांगणार.